आठ, साडेआठ, नऊ : भूकंपाच्या ऊर्जेचा हिशेब आणि चेन्नई

२६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी उत्तर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्राखालचा खडक तुटायला लागला. पंधरा मिनिटांनी हवाईच्या पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्रानं पहिलं पत्रक काढलं. त्यात भूकंपाची महत्ता ८.० दिली होती. आणखी पन्नास मिनिटांनी तोच आकडा ८.५ झाला. नंतर हार्वर्डच्या गणितातून ९.० आला. पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं ९.१ कायम केला, आणि सेथ स्टाइन व एमिल ओकाल या दोन भूकंपशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये तो ९.३ असावा असं मांडलं.

या आकड्यांची उलटसुलट चालू असताना लाट पश्चिमेकडे निघाली होती. भूकंपानंतर साधारण अडीच तासांनी, नऊच्या सुमारास, ती चेन्नईला पोचली. मरीनावर सकाळी फिरायला आलेली माणसं होती, क्रिकेट खेळणारी मुलं होती. पट्टिनपाक्कम, श्रीनिवासपुरम, कासिमेडू इथल्या मच्छीमारांच्या वस्त्या तर पाण्याला लागूनच आहेत. तामिळनाडूत त्या दिवशी सुमारे ८ हजार माणसं गेली. त्यातली ६ हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातली होती.

चेन्नईला इशारा मिळाला नाही याचं मुख्य कारण हिंदी महासागरात तेव्हा इशाऱ्याची यंत्रणाच नव्हती हे आहे. चुकलेल्या आकड्याला तो दोष देता येणार नाही. तरीही पहिल्या पंधरा मिनिटांतला ८.० आणि अखेरचा ९.१ यांत किती अंतर होतं, हे बहुतेक वाचकांपर्यंत आजही पोचलेलं नाही. आठ आणि नऊ हे शेजारचे आकडे दिसतात. प्रत्यक्षात ९.१ च्या भूकंपातून बाहेर पडणारी ऊर्जा ८.० च्या भूकंपाच्या सुमारे ४५ पट असते. भूकंपाचा आकडा हा लघुगणक आहे, म्हणजे आपल्या शाळा-कॉलेजातला लॉग. तो बेरजेच्या चालीनं वाढतो आणि त्याच्यामागची ऊर्जा गुणाकाराच्या चालीनं. हा गुणाकार लोकांना करता आला पाहिजे, किमान वर्तमानपत्रांनी तो करून दिला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी हा हिशेब कुठून आला, कुठे चालतो आणि कुठे अडतो, ते नीट पाहायला हवं.

सूत्र एका ओळीचं आहे. लॉग ऊ = ४.८ + १.५ म. इथे ‘म’ म्हणजे भूकंपाची महत्ता आणि ‘ऊ’ म्हणजे लाटांच्या रूपानं बाहेर पडलेली ऊर्जा, ज्यूलमध्ये. महाराष्ट्रात बारावीच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे विज्ञान शाखेतून गेलेल्या कोणालाही हे गणित कागदावर करता येईल. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. महत्ता ६.२. तिला दीडनं गुणलं की ९.३, त्यात ४.८ मिळवले की १४.१. आता १४.१ चा अँटिलॉग काढायचा. टेबलात ०.१ समोर १.२५९ मिळतो. म्हणजे सुमारे १.२६ गुणिले एकावर चौदा शून्यं, इतके ज्यूल. कोयना जलविद्युत प्रकल्पाची पूर्ण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तो सगळा प्रकल्प एक क्षणही न थांबता साधारण अठरा तास चालला तर इतकी ऊर्जा मिळेल. किल्लारीच्या मातीखाली ती काही सेकंदांत मोकळी झाली.

आता तेच सुमात्रासाठी. ९.१ गुणिले दीड म्हणजे १३.६५, अधिक ४.८ म्हणजे १८.४५. अँटिलॉग २.८ गुणिले एकावर अठरा शून्यं. कोयना प्रकल्पाला याच कामासाठी पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ अखंड चालावं लागेल. अठरा तास आणि पंचेचाळीस वर्षं यांतलं अंतर ६.२ आणि ९.१ या दोन आकड्यांत दिसत नाही. ते दिसू नये, सगळं एका छोट्या पट्टीवर मावावं, यासाठीच तर लॉग घेतला जातो.

तोंडी हिशेबासाठी तीन गोष्टी पुरतात. महत्ता ०.२ नं वाढली की ऊर्जा दुप्पट, कारण ०.२ गुणिले दीड म्हणजे ०.३ आणि दोनचा लॉग ०.३०१. महत्ता १ नं वाढली की ऊर्जा जवळजवळ ३२ पट. २ नं वाढली की बरोबर हजार पट. ‘भूकंप ७.६ चा होता की ७.८ चा, काय फरक पडतो’ असं कोणी म्हटलं, तर फरक दुपटीचा आहे.

ही पट्टी सगळ्या जगात कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स रिश्टर यांच्या नावानं ओळखली जाते. पण लॉगवर बांधलेल्या महत्तेची कल्पना भूकंपांच्या आधी ताऱ्यांसाठी वापरली गेली होती, आणि त्या गोष्टीचं एक टोक चेन्नईत आहे. नॉर्मन पॉगसन या खगोलशास्त्रज्ञानं १८५६ मध्ये ऑक्सफर्डला असताना ताऱ्यांच्या तेजाची जुनी प्रत नेमकी करून दिली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक, म्हणून एका प्रतीचा फरक शंभराच्या पंचममुळाइतका, २.५१२ पट. पाच वर्षांनी, १८६१ मध्ये, हेच पॉगसन मद्रास वेधशाळेचे प्रमुख होऊन आले आणि १८९१ मध्ये वारले तोवर तिथेच राहिले. आल्या वर्षीच त्यांनी मद्रासहून एक लघुग्रह शोधला. त्याचं नाव ‘एशिया’ ठेवलं गेलं. त्यांची मुलगी इसिस हिनंही याच वेधशाळेत वर्षानुवर्षं काम केलं. ईस्ट इंडिया कंपनीनं १७९२ मध्ये नुंगंबाक्कमला उभारलेल्या त्या वेधशाळेच्या आवारात आज हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे आणि जुना ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. चक्रीवादळाची बातमी देताना दूरचित्रवाणीचे कॅमेरे जिथे जमतात, ते हेच आवार.

रिश्टर यांना लहानपणापासून आकाशाची ओढ होती. १९३५ मध्ये त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांची पट्टी मांडली, तेव्हा सहकारी हॅरी वुड यांच्या सूचनेवरून त्यांनी खगोलशास्त्रातला ‘मॅग्निट्यूड’ हा शब्द उचलला. अडचण अशी होती की सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या भूकंपांच्या नोंदी एका आलेखावर मावतच नव्हत्या. लॉग घेऊन पाहा, असं बेनो गुटेनबर्ग यांनी सुचवलं. मग ठरलं असं : वुड-अँडरसन बनावटीच्या भूकंपमापकावर, केंद्रापासून १०० किलोमीटरवर, एक मिलिमीटर उंचीची रेघ उमटली तर महत्ता ३. रेघ दहापट उंच झाली तर ४. अंतर कमी-जास्त असेल तर त्यासाठी दुरुस्तीचं कोष्टक. या पट्टीत ऊर्जा कुठेही नव्हती, कागदावरच्या रेघेची उंची तेवढी होती.

ऊर्जेशी सांधा जोडण्याचं काम गुटेनबर्ग आणि रिश्टर या दोघांनी पुढची वीस वर्षं केलं. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मग रेघ दहापट झाली की ऊर्जा शंभरपट व्हायला हवी आणि सूत्रात दीडच्या जागी दोन यायला हवा होता. पण महत्ता मोजली जाते ती लाटांच्या एका ठरावीक भागावरून, आणि मोठ्या भूकंपाची ऊर्जा वेगवेगळ्या लांबीच्या लाटांत वेगळ्या तऱ्हेनं वाटलेली असते. एका रेघेच्या उंचीवरून सगळ्या ऊर्जेचा वर्ग काढता येत नाही. दोघांनी हा गुणक अनेकदा बदलला. आधीच्या सूत्रात तो दीडपेक्षा मोठा होता. १९५६ मध्ये त्यांनी १.५ वर हात टेकला. त्यांचं सूत्र अर्ग या एककात होतं, तिथे ४.८ च्या जागी ११.८ आहे, एका ज्यूलमध्ये एक कोटी अर्ग, म्हणून सातचा फरक. नोंदींच्या ढिगातून अनुभवानं काढलेला हा गुणक पुढे भौतिकशास्त्राच्या वाटेनंही तितकाच निघाला, ही या विषयातली मला सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

त्या वाटेवर यायला भूकंपशास्त्राला एका मोठ्या अडचणीनं भाग पाडलं. दूरच्या भूकंपांची महत्ता साधारण वीस सेकंदांच्या आवर्तनकाळाच्या पृष्ठलाटांवरून काढली जात होती. मध्यम भूकंपासाठी हे ठीक चालतं. पण भेग शेकडो किलोमीटर फाटत जाते, कित्येक मिनिटं फाटत राहते, तेव्हा वीस सेकंदांच्या लाटेला त्या भेगेचा एखादा तुकडाच कळतो. भेग आणखी लांब झाली तरी त्या लाटेची उंची वाढत नाही. आकडा आठच्या वर जरा चढतो आणि थिजतो. १९६० चा चिलीचा आणि १९६४ चा अलास्काचा भूकंप जुन्या पट्टीवर होते त्याहून कितीतरी लहान दिसले.

हिरू कानामोरी यांनी १९७७ मध्ये यातून मार्ग काढला आणि १९७९ मध्ये टॉम हँक्स यांच्यासोबत तो पक्का केला. रेघेची उंची सोडा, प्रत्यक्ष काय घडलं ते मोजा : किती क्षेत्रफळाची भेग सरकली, सरासरी किती मीटर सरकली आणि खडक किती ताठ होता. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे भूकंपाचं आघूर्ण. त्याचा लॉग घ्या, ९.१ वजा करा, दोन तृतीयांशानं गुणा. नवी महत्ता हाती येते. आज बातमीत ‘रिश्टर स्केल’ असं छापून येतं तेव्हाही मोठ्या भूकंपांचा आकडा जवळपास नेहमी या पद्धतीचा असतो.

सुमात्राचा आकडा आपणच काढून पाहू. भेग अंदाजे १,३०० किलोमीटर लांब, उतारावर १५० किलोमीटर रुंद, सरासरी सरकणं सात मीटर धरू. खडकाचा ताठपणा ३ गुणिले एकावर दहा शून्यं, पास्कल या एककात. सगळं मीटरमध्ये घेऊन गुणलं की ४.१ गुणिले एकावर बावीस शून्यं. लॉग २२.६१. त्यातून ९.१ गेले, १३.५१ उरले. दोन तृतीयांश म्हणजे ९.०. हार्वर्डचा आकडा हाच होता. स्टाइन आणि ओकाल यांनी पृथ्वीची अतिमंद कंपनं तपासली. एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर अख्खी पृथ्वी दिवसेंदिवस थरथरत राहते आणि तिचं सगळ्यांत संथ आंदोलन जवळजवळ ५४ मिनिटांचं असतं. त्यावरून त्यांनी आघूर्ण एकावर तेवीस शून्यं इतकं काढलं, म्हणजे हार्वर्डच्या अडीच पट. आकडा मात्र ९.० वरून ९.३ वर सरकला, इतकंच.

आता तो सुंदर जुळणीचा भाग. कानामोरी यांच्या हिशेबानं लाटांमधून निघणारी ऊर्जा आघूर्णाच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी येते. वीस हजारांचा लॉग ४.३. आघूर्णाच्या सूत्रातल्या ९.१ मधून ४.३ वजा करा, ४.८ उरतात. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९५६ मध्ये काढलेला तोच आकडा. अर्थात कानामोरींनी नवी पट्टी जुन्या सूत्राशी जुळेल अशीच बांधली होती. पण वीस हजाराव्या भागाचं ते प्रमाण खडकांवरच्या ताणाच्या स्वतंत्र अंदाजातून आलं होतं, आणि ते जुळलं.

इतकं सगळं जुळल्यावर हे सूत्र म्हणजे मोजमापच आहे असं वाटायला लागतं, आणि इथेच सावध राहायला हवं. सूत्र देतं ती फक्त लाटांतून पसरलेली ऊर्जा. भेगेच्या दोन बाजू घासताना जी उष्णता होते, खडक चुरडण्यात जी खर्च होते, ती यात नाही, आणि ती बहुधा लाटांतल्या ऊर्जेपेक्षा जास्तच असते. दुसरं म्हणजे, वीस हजारावा भाग हे सरासरी प्रमाण झालं. सारख्याच आघूर्णाचे दोन भूकंप ऊर्जेच्या बाबतीत एकमेकांच्या दहापट असू शकतात. एक झटक्यानं तुटतो, दुसरा सावकाश सरकतो. म्हणून चॉय आणि बोटराइट यांनी १९९५ मध्ये थेट लाटांच्या नोंदीतून ऊर्जा मोजून वेगळी ‘ऊर्जा-महत्ता’ मांडली. तिच्या सूत्रात दीड तसाच आहे, ४.८ च्या जागी ४.४. लॉगच्या भाषेत हा ०.४ चा फरक, साध्या भाषेत अडीच पट. म्हणून ‘अमुक हजार अणुबॉम्बइतकी ऊर्जा’ अशी ठाम वाक्यं मी जपून वाचतो. सूत्रातून आलेल्या ऊर्जेचा पहिला अंक मोलाचा नसतो. शून्यांची संख्या मोलाची असते.

सावकाश सरकणारे भूकंप हा किनाऱ्यावरच्या शहरांसाठी सगळ्यांत कठीण प्रकार आहे. १७ जुलै २००६ रोजी जावाच्या दक्षिणेला ७.७ महत्तेचा भूकंप झाला. पांगंदरान भागातल्या लोकांना धक्का सौम्य वाटला, बरेच जण किनाऱ्यावरच थांबले, आणि त्सुनामीनं सहाशेहून अधिक बळी घेतले. हादरे देणारी ऊर्जा कमी होती, पण समुद्रतळ मात्र हलला होता. १९९२ मध्ये निकाराग्वात असंच झालं. म्हणून ओकाल आणि अँड्र्यू न्यूमन यांनी ऊर्जा भागिले आघूर्ण या गुणोत्तराचाच लॉग घ्यायची पद्धत बसवली. तो नेहमीपेक्षा बराच खाली आला तर भूकंप ‘मंद’ आहे, धोक्याचा आहे, असं काही मिनिटांत समजतं. ऊर्जेचा हिशेब इथे माणसं वाचवायच्या कामी येतो.

महाराष्ट्रात ऊर्जेच्या हिशेबाचा एक गैरसमज फार पक्का बसला आहे. कोयना खोऱ्यात साठ वर्षं लहान-मोठे धक्के बसत आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तेव्हापासून लहान धक्का बसला की कोणीतरी म्हणतं, बरं झालं, थोडी थोडी ऊर्जा निघून जाते, मोठा होणार नाही. लॉग टेबल उघडलं की हे टिकत नाही. ६.३ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४.३ चे एक हजार धक्के लागतात. रोज एक धरला तरी पावणेतीन वर्षं. ३.३ चे लागतील बत्तीस हजारांच्या आसपास, रोज एक धरला तर शहाऐंशी वर्षं.

निसर्गात धक्क्यांचं प्रमाण कसं असतं हेही गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनीच दाखवलं होतं. महत्ता एकानं खाली आली की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. पण प्रत्येकाची ऊर्जा बत्तीस पटीनं घटते. म्हणजे एक पायरी खाली उतरल्यावर सगळ्या भूकंपांची मिळून ऊर्जा वरच्या पायरीच्या जेमतेम एक तृतीयांश. लहान धक्के कितीही असोत, हिशेब मोठेच संपवतात. उपकरणांनी नोंद ठेवायला लागल्यापासून जगात ९ किंवा त्याहून मोठे भूकंप पाचच झाले : कामचाटका १९५२, चिली १९६०, अलास्का १९६४, सुमात्रा २००४, जपानचं तोहोकू २०११. गेल्या शतकभरात पृथ्वीनं भूकंपांतून सोडलेल्या ऊर्जेचा फार मोठा वाटा या पाच नावांत आहे.

मग चेन्नईनं ऊर्जेचा आकडा ऐकून काय करायचं? या शहराच्या अलीकडच्या अनुभवात त्याचं उत्तर आहे, आणि ते सरळ नाही. २५ सप्टेंबर २००१ च्या रात्री पुदुच्चेरीजवळ समुद्रात ५.५ चा भूकंप झाला. ऊर्जेच्या हिशेबात किल्लारीच्या अकराव्या भागाइतका. तरी चेन्नईत घरांना तडे गेले, माणसं रस्त्यावर आली. २१ मे २०१४ च्या रात्री बंगालच्या उपसागरात ६.० चा झाला, म्हणजे २००१ च्या पाचपटीहून अधिक ऊर्जेचा. तो लांब होता, चेन्नईला जाणवला आणि सरला. २००२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं आपलं भूकंप मानक सुधारलं तेव्हा चेन्नईला दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात टाकलं. ते योग्यच झालं. या शहराला ऊर्जेच्या हिशेबात किरकोळ ठरणारा जवळचा भूकंपही महाग पडू शकतो, कारण अड्यार आणि कूवम या नद्यांचा गाळ, किनाऱ्याची वाळू आणि सेंट थॉमस माउंटकडचा कठीण खडक हे तिघं सारखे हलत नाहीत. आयआयटी मद्रासच्या अभ्यासकांनी शहराच्या जमिनीचं असं बारीक विभाजन केलं आहे. बांधकामाची परवानगी देणाऱ्यांच्या टेबलावर तो नकाशा असायला हवा.

११ एप्रिल २०१२ चा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा. दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनी सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रात ८.६ चा भूकंप झाला. दोन तासांनी तिथेच ८.२ चा. चेन्नईत कार्यालयांतून लोक जिने उतरून खाली धावले. ८.६ म्हणजे किल्लारीच्या चार हजार पट ऊर्जा. किल्लारीत दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. २०१२ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर पाणी किरकोळ हललं. तो भूकंप आडवा सरकणारा होता, या प्रकारातला आजवरचा सगळ्यांत मोठा. खडकाच्या दोन बाजू एकमेकींना घासून पुढे-मागे गेल्या, समुद्रतळ वर उचलला गेला नाही. २००४ मध्ये तो उचलला गेला होता. त्सुनामीच्या वाट्याला भूकंपाच्या ऊर्जेचा एक टक्काही येत नाही, पण तो अंश कुठल्या दिशेनं खर्च होतो यावर किनाऱ्याचं नशीब ठरतं. आणि किल्लारीत भूकंप जमिनीखाली थोड्याच खोलीवर होता, वर दगडमातीच्या जाड भिंती होत्या, वेळ पहाटे चारच्या आधीची होती.

याच कारणासाठी ८.० आणि ९.१ यांतला फरक मला ऊर्जेपेक्षाही भेगेच्या लांबीत पाहायला अधिक महत्त्वाचा वाटतो. ८.० चा भूकंप म्हणजे साधारण दीडशे ते दोनशे किलोमीटरची भेग. ती सुमात्राच्या टोकाशीच संपली असती. ९.१ म्हणजे तेराशे किलोमीटरची भेग, सुमात्रापासून निकोबार, अंदमानपर्यंत उत्तरेकडे गेलेली. त्सुनामी भेगेच्या काटकोनात सगळ्यांत जोरानं जाते. उत्तर-दक्षिण भेगेचा काटकोन म्हणजे पूर्वेला थायलंड आणि पश्चिमेला श्रीलंका व तामिळनाडू. आकड्यातल्या त्या १.१ च्या वाढीनंच नागपट्टिणम आणि चेन्नई लाटेच्या वाटेवर आले. चेन्नईच्या दक्षिणेला कल्पाक्कमच्या मद्रास अणुवीज केंद्रात त्या सकाळी समुद्राचं पाणी पंपघरात शिरलं आणि चालू असलेला संच सुरक्षितपणे बंद करावा लागला. पंधरा मिनिटांनंतरच्या ८.० मधून हे चित्र कोणालाही दिसलं नसतं.

आज परिस्थिती बदलली आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. चेन्नईत पल्लीकरणैला असलेल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं खोल समुद्रात दाब मोजणारी उपकरणं आणि तरंगते बॉय उतरवले. अतिदीर्घ लाटांवरून आघूर्ण काढायच्या पद्धती आता जगभर वापरात आहेत, त्यामुळे आकडा आठावर थिजून बसत नाही. २०१२ मध्ये इशारा मिनिटांत निघाला आणि मोठी लाट नाही हे कळल्यावर मागेही घेतला गेला.

उरलं आहे ते सांगण्याचं काम. ‘८.६ रिश्टर स्केलचा तीव्र भूकंप’ एवढ्या ओळीत मरीनावरच्या माणसाला काहीच कळत नाही. त्या ओळीबरोबर आणखी चार गोष्टी छापता येतात, बोलता येतात : लोकांना आठवत असलेल्या एखाद्या भूकंपाच्या किती पट हा होता, भेग अंदाजे किती लांब आणि कुठल्या दिशेला, तळ उचलला गेला की आडवा सरकला, आणि लाट आलीच तर चेन्नईला किती वाजता. अडीच तासांच्या अंतरावरच्या शहरासाठी ही माहिती पहिल्या अर्ध्या तासात तमिळमध्ये कासिमेडूच्या धक्क्यावर पोचवणं शक्य आहे. मराठीत कोयना-पाटणच्या गावांसाठी तिचं रूप वेगळं असेल. तिथे लाट नाही आणि वेळही नाही. तिथे सांगायचं ते हेच, की काल रात्रीच्या ३.३ च्या धक्क्यानं ६.३ च्या वाट्यातला बत्तीस हजारावा भागच कमी झाला आहे, आणि भिंतींना पट्टे घालायचं काम थांबवू नका.